‘मंजूर’ म्हणालं कोण?

(उर्से येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित मजकूर)



संगणकातल्या चोऱ्यांवर बोलावं, असं संयोजकांनी सुचवलं होतं. माझा व्यवसाय इतरांच्या सॉफ्टवेअरमधल्या त्रुटी शोधण्याचा आहे, अर्थात त्यांच्या लेखी परवानगीनं. या कामातून माझं एक मत पक्कं झालं आहे आणि तेच आज तुमच्यापुढं मांडणार आहे. ‘ओटीपी कुणाला सांगू नका, पासवर्ड लिहून ठेवू नका’ हे आपण सामान्य माणसाला रात्रंदिवस ऐकवतो. ते योग्यच आहे. पण मोठ्या चोऱ्या होतात त्या संस्थेच्या आत. ज्याची ओळख एकदा पटली, त्याला आपण गरजेपेक्षा फार जास्त करू देतो, आणि आतून आलेलं ‘हो’ कुणी तपासत नाही. तिथं ग्राहकाची सावधगिरी काहीही करू शकत नाही.

सुरुवात तुमच्या गावच्या टोलनाक्यापासूनच करू या. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरून जाणाऱ्या बहुतेकांना उर्से माहीत आहे ते या नाक्यामुळे. गाडीच्या काचेवरच्या फास्टॅगमध्ये पैसे नसतात आणि पिनही नसतो. त्यात एक क्रमांक असतो, आणि तो रेडिओ लहरींनी वाचता येतो. जून २०२२ मध्ये एक व्हिडिओ सगळीकडे फिरत होता. गाडीची काच पुसणारा एक मुलगा मनगटावरचं घड्याळ टॅगजवळ नेतो आणि खात्यातले पैसे काढून घेतो, असा त्यात दावा होता. त्यावर फास्टॅगची व्यवस्था चालवणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशननं खुलासा केला की असं होऊ शकत नाही. कारण समजून घेण्यासारखं आहे. त्या व्यवस्थेत पैसे मागण्याचा अधिकार फक्त नोंदणी झालेल्या टोलनाक्यांना आणि व्यापाऱ्यांना दिलेला आहे, तोही ठरलेल्या बँकेमार्फत आणि ठरलेल्या सर्व्हरवरून. एका माणसाच्या खात्यातून दुसऱ्या माणसाच्या खात्यात पैसे जाण्याची वाटच तिथं ठेवलेली नाही. क्रमांक कुणाला कळला म्हणून त्याला अधिकार मिळत नाही.

संगणकाला प्रत्येक वेळी दोन प्रश्न विचारावे लागतात. तू कोण आहेस? आणि तू जे करायला निघाला आहेस, त्याचा तुला अधिकार आहे का? पहिल्या प्रश्नाला आपण ओळख पटवणं म्हणतो. पासवर्ड, बोटाचा ठसा, ओटीपी हे सगळं त्यात येतं. दुसरा प्रश्न अधिकाराचा. पहिल्या प्रश्नावर जाहिराती होतात, पथनाट्यं होतात, मोबाइलवर कॉलर ट्यूनही वाजून गेल्या. दुसरा प्रश्न ग्राहकाला दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा होत नाही. माझ्या अनुभवात पुष्कळ सॉफ्टवेअर तो प्रश्न दारात एकदाच विचारतं आणि मग विसरून जातं.

आता आपल्या पुण्यात घडलेलं प्रकरण जरा सविस्तर सांगतो.

कॉसमॉस बँक १९०६ साली पुण्यात स्थापन झाली. देशातल्या सर्वांत जुन्या नागरी सहकारी बँकांमध्ये तिची गणना होते. ११ ऑगस्ट २०१८ हा महिन्याचा दुसरा शनिवार होता, म्हणजे बँका बंद होत्या. त्या दिवशी काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून या बँकेच्या कार्डांच्या नकला वापरून पैसे काढले गेले. व्हिसाच्या जाळ्यातून सुमारे १२ हजार व्यवहार झाले आणि अंदाजे ७८ कोटी रुपये गेले. देशात रुपे कार्डांवर २,८०० हून अधिक व्यवहारांत आणखी अडीच कोटी काढले गेले. त्यातले काही व्यवहार कोल्हापुरातल्या एटीएमवरही झाले. मध्ये रविवार गेला. सोमवारी, १३ ऑगस्टला, बँकेच्या स्विफ्ट या परदेशी पैसे पाठवण्याच्या यंत्रणेतून १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या हँग सेंग बँकेतल्या एका व्यापारी कंपनीच्या खात्यावर पाठवले गेले. एकूण ९४ कोटी ४२ लाख. चतुःशृंगी पोलीस ठाण्यात गुन्हा नोंदवला गेला, बँकेला काही दिवस एटीएम आणि नेट बँकिंग बंद ठेवावं लागलं.

हे झालं कसं? त्यासाठी एटीएमच्या पडद्यामागं काय घडतं ते पाहावं लागेल. तुम्ही तळेगावच्या एखाद्या एटीएममध्ये कार्ड घालता, पिन टाकता, ५,००० रुपये मागता. यंत्र स्वतः काही ठरवत नाही. ते एक संदेश तयार करतं आणि तो बँकांना जोडणाऱ्या जाळ्यातून तुमच्या बँकेकडे जातो. बँकेत तो आधी ‘स्विच’ नावाच्या सर्व्हरवर पोहोचतो. स्विच तो आतल्या कोअर बँकिंगकडे, म्हणजे तुमची खातेवही जिथं आहे तिथं पाठवतो. पिन बरोबर आहे का, शिल्लक आहे का, दिवसाची मर्यादा संपली का, हे तपासलं जातं आणि उत्तर उलट्या वाटेनं परत येतं. जगभरातल्या बँकांनी या संदेशांचा एकच नमुना मान्य केला आहे. उत्तराच्या संदेशात दोन अंकांचा एक रकाना असतो. त्यात ‘००’ आलं की व्यवहार मंजूर, यंत्रानं नोटा मोजून द्यायच्या. बाकी बहुतेक आकड्यांचा अर्थ वेगवेगळी नकारघंटा.

हल्लेखोरांनी बँकेच्या स्विचवर मालवेअर, म्हणजे घातक सॉफ्टवेअर, बसवलं आणि खऱ्या स्विचशेजारी एक बनावट स्विच उभा केला. नकली कार्डांवरून आलेली मागणी खातेवहीपर्यंत जाऊच दिली नाही. बनावट स्विचच ‘मंजूर’ म्हणत राहिला. दूर कुठल्या तरी देशातल्या एटीएमला त्यात संशय घेण्यासारखं काहीच दिसलं नाही. नमुना बरोबर, बँक बरोबर, उत्तर बरोबर. ग्राहकाच्या पिनला इथं किंमतच उरली नाही, कारण पिन तपासणाऱ्या यंत्रणेपर्यंत प्रश्न पोहोचतच नव्हता. बँकेचे तत्कालीन अध्यक्ष मिलिंद काळे यांनी तेव्हा सांगितलं होतं की ग्राहकांच्या खात्यांना धक्का लागलेला नाही. ते खरं होतं. खातेवहीला बिचारीला काही कळलंच नव्हतं. नुकसान झालं बँकेचं, आणि सहकारी बँकेचं नुकसान म्हणजे शेवटी सभासदांचं नुकसान.

देशात ज्यांनी नकली कार्डं घेऊन पैसे काढले, त्यांच्यापैकी ११ जणांना पुण्याच्या न्यायालयानं एप्रिल २०२३ मध्ये दोषी ठरवलं. पण ही माणसं हमालीची. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेच्या तज्ज्ञ समितीनं २०१९ च्या अहवालात या चोरीचा संबंध उत्तर कोरियाच्या हल्लेखोरांशी जोडला. कॉसमॉसच्या घटनेनंतर दोन महिन्यांच्या आत, २ ऑक्टोबर २०१८ रोजी, अमेरिकी सरकारनं याच पद्धतीच्या चोऱ्यांवर ‘फास्टकॅश’ या नावानं इशारा प्रसिद्ध केला. आशिया आणि आफ्रिकेतल्या बँकांमध्ये २०१६ पासून हे चालू होतं. त्या इशाऱ्यात एक वाक्य आहे ज्याकडे मी प्रत्येक बँकेचं लक्ष वेधतो. कर्मचाऱ्याला आलेल्या एखाद्या फसव्या ईमेलमधून चोर पहिल्या संगणकात शिरले असावेत, असा तिथं अंदाज केला आहे. त्यापुढचा प्रवास मात्र त्यांनी खऱ्या, वैध लॉगिनांवर केला. बँकेनंच कुणाला तरी दिलेले हे अधिकार होते. एका टेबलावरच्या संगणकापासून स्विचच्या सर्व्हरपर्यंत ते पोहोचले, आणि वाटेत त्यांना कुणी अडवलं नाही. हलक्या अधिकारावरून भारी अधिकारावर चढत जाण्याच्या या प्रकाराला आमच्या धंद्यात अधिकारवृद्धी म्हणतात, आणि माझ्या मते सगळ्या मोठ्या चोऱ्यांचा तो कणा आहे.

आता त्याच वर्षातली दुसरी घटना पाहा. तिच्यात पैसा नाही, पण चूक अगदी त्याच जातीची आहे. जगभरचे सर्व्हर दुरून चालवण्यासाठी एसएसएच नावाची पद्धत वापरतात. त्यात बाहेरचा माणूस म्हणतो, मला आत यायचं आहे. सर्व्हर पुरावा मागतो. पुरावा पटला की सर्व्हर ‘यशस्वी’ असा संदेश पाठवतो आणि दार उघडतं. ही पद्धत पुरवणारं ‘लिबएसएसएच’ नावाचं एक सॉफ्टवेअर आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये उघड झालं की बाहेरच्या माणसानं स्वतःच ‘यशस्वी’ हा संदेश पाठवला, तर सर्व्हर तो खरा मानून त्याला आत घेत होता. पासवर्ड नाही, किल्ली नाही. आलेला संदेश योग्य आहे का एवढंच कोड बघत होतं. तो संदेश पाठवण्याचा अधिकार कुणाचा, हे कुणी लिहिलंच नव्हतं. २०१४ पासूनच्या आवृत्त्यांत ही चूक बसून होती.

त्याच्या आदल्या वर्षी इंटेलच्या चिपमध्ये सापडलेली चूक तर विद्यार्थ्यांनी वहीत टिपून ठेवावी अशी आहे. कार्यालयांतल्या संगणकांत ‘एएमटी’ नावाची एक सोय असते. तिच्यामुळे व्यवस्थापकाला दुरून संगणक चालू करता येतो, दुरुस्त करता येतो. तिथं लॉगिन करताना यंत्र पासवर्डावरून काढलेलं एक लांबलचक उत्तर मागतं आणि स्वतः काढलेल्या उत्तराशी ताडून पाहतं. ताडताना किती अक्षरं तपासायची? कोड लिहिणाऱ्यानं आलेल्या उत्तराची लांबी घेतली. म्हणजे आलेलं उत्तर दहा अक्षरी असेल तर दहा अक्षरं ताडायची. मग कुणी रिकामं उत्तर पाठवलं तर? शून्य अक्षरं ताडली गेली, शून्य अक्षरांत काही फरक सापडला नाही, आणि यंत्र म्हणालं ‘या’. मे २०१७ मध्ये हे जाहीर झालं. किती लांबीपर्यंत तपासायचं हे तपासणाऱ्यानं ठरवायचं असतं, आणि इथं तपासला जाणाराच ते ठरवत होता.

या तिन्ही ठिकाणी दोष एकच. उत्तर आलं, पण ‘कशावरून?’ हे विचारायचं राहिलं.

आता अधिकारवृद्धीकडे वळतो. विषय जरा तांत्रिक आहे, पण समोर हिंजवडीच्या कंपन्यांत काम करणारी आणि तिकडे जाण्याची तयारी करणारी मुलंमुली बसली आहेत, म्हणून थोडा खोलात जातो.

आज जगातले बहुसंख्य सर्व्हर लिनक्सवर चालतात, आणि लिनक्सची मांडणी युनिक्सवरून घेतलेली आहे. तिथं साधा वापरकर्ता आणि ‘रूट’ असे दोन वर्ग असतात. रूट म्हणजे सर्वाधिकारी. तो कुठलीही फाइल वाचू शकतो, पुसू शकतो, कुणालाही आत घेऊ शकतो. पण एक अडचण लगेच येते. साध्या वापरकर्त्याला स्वतःचा पासवर्ड बदलायचा आहे. पासवर्डांची फाइल तर फक्त रूटला लिहिता येते. यावर बेल प्रयोगशाळेतल्या डेनिस रिची यांनी तोड काढली. काही ठरावीक प्रोग्राम असे ठेवायचे की ते कुणीही चालवले तरी मालकाच्या, म्हणजे रूटच्या अधिकारानं चालतील, आणि नेमून दिलेलं तेवढंच काम करून थांबतील. १९७३ साली या कल्पनेसाठी पेटंटचा अर्ज झाला, १९७९ मध्ये ते मंजूर झालं. फार सुंदर कल्पना आहे ती, आणि आजही वापरात आहे. पण तिचा सगळा भार त्या ‘तेवढंच’ या शब्दावर आहे. असा प्रोग्राम नेमलेल्या कामाबाहेर गेला की समोरचा साधा वापरकर्ता रूट होतो.

‘पीकेएक्झेक’ नावाचा असाच एक छोटा प्रोग्राम जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतो. कुठलाही प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हाती शब्दांची एक यादी येते. यादीतला पहिला शब्द त्याचं स्वतःचं नाव, पुढचे शब्द म्हणजे काय करायचं ते. पीकेएक्झेक लिहिणाऱ्यानं धरून चाललं की यादीत निदान एक शब्द तरी असणारच. पण कुणी मुद्दाम रिकामी यादी देऊन तो सुरू केला तर? प्रोग्राम यादी संपल्यावरही पुढं वाचत जातो आणि शेजारी ठेवलेल्या भलत्याच माहितीत शिरतो. ती माहिती हल्लेखोरानं ठेवलेली असते. तिच्यात फेरफार करून त्याला आपला कोड रूटच्या अधिकारानं चालवता येतो. २००९ मधल्या पहिल्या आवृत्तीपासून ही चूक तिथं होती. २५ जानेवारी २०२२ ला ती जगापुढं आली. बारा वर्षांहून अधिक काळ. हा कोड गुप्त नव्हता, कुणालाही वाचायला खुला होता. पुष्कळांनी तो वाचलाही असेल, पण प्रत्येकानं तेच धरून चाललं.

त्याच्या जवळपास एक वर्ष आधी, २६ जानेवारी २०२१ ला, ‘सुडो’ या त्याहून प्रसिद्ध प्रोग्राममधली चूक जाहीर झाली होती. सुडोचं कामच मुळी अधिकार मोजून देण्याचं. कुणाला कुठलं काम रूट म्हणून करू द्यायचं हे तो ठरवतो. २०११ च्या जुलैमध्ये त्याच्या कोडात एक बदल झाला आणि त्यातून अशी फट राहिली की ज्याच्या नावावर कुठलाच अधिकार नाही, ज्याला पासवर्डही माहीत नाही, असा वापरकर्ता रूट होऊ शकत होता. जवळपास दहा वर्षं कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या दोन्ही चुका शोधल्या त्या क्वालिस या कंपनीच्या संशोधकांनी. तिचं अभियांत्रिकीचं मोठं केंद्र पुण्यात आहे, आणि तिचे मुख्य कार्यकारी अधिकारी सुमेध ठकार पुणे विद्यापीठातून संगणक अभियांत्रिकी शिकून गेलेले आहेत. हे मी अभिमानानं सांगतो, पण त्यापेक्षा विद्यार्थ्यांसाठी सांगतो. इथून तासाभराच्या अंतरावर जगाच्या सर्व्हरांची राखण करणारं काम चालतं, आणि त्यासाठी अमेरिकेत जन्म घ्यावा लागत नाही. लागते ती धरून न चालण्याची सवय. एक इशारा मात्र देतो. दुसऱ्याच्या यंत्रणेत परवानगीशिवाय शिरून चूक दाखवणं, हेतू कितीही चांगला असला तरी, माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ खाली येतं, आणि ते अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीनं केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. स्वतःच्या संगणकावर प्रयोग करा, खुल्या कोडात शोधा, ज्या कंपन्या जाहीर आमंत्रण देतात त्यांच्या नियमांत राहून तपासा. सापडलेली चूक कंपनीला कळवा, केंद्र सरकारच्या ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षा संस्थेला कळवा. ती मोबाइलवर सगळ्यांना पाठवून मोकळे होऊ नका.

तुम्ही म्हणाल, चुका तर राहणारच, मग करायचं काय? याचं उत्तर नवीन नाही. एमआयटीतल्या जेरोम साल्टझर आणि मायकेल श्रोडर यांनी १९७५ साली एका निबंधात ते मांडून ठेवलं आहे. ज्याला जेवढं काम, त्याला तेवढाच अधिकार. प्रत्येक वेळी तपासणी, पहिल्यांदा तपासलं म्हणून नंतर सूट नाही. शंका आली तर उत्तर नकाराचं. आणि मोठ्या कामाला दोघांची संमती. पन्नास वर्षं झाली, यात भर घालावी असं फारसं काही मला दिसलेलं नाही.

आणि मावळातल्या शेतकऱ्याला तर यातलं शेवटचं तत्त्व संगणक येण्याआधीपासून माहीत आहे. जमिनीचा व्यवहार झाला की फेरफार कोण धरतो? तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी. ते नोंद घेतात, संबंधितांना नोटीस काढतात, हरकतीसाठी १५ दिवस थांबतात. नोंद प्रमाणित कोण करतो? मंडळ अधिकारी. ज्यानं नोंद लिहिली त्यानंच ती मंजूर करायची नाही. हरकत आली तर सुनावणी. वडगावच्या तहसील कार्यालयात खेटे घालताना आपल्याला या पायऱ्यांचा कंटाळा येतो, मलाही आलेला आहे. पण द्रुतगती मार्गाच्या आसपास जमिनीला जो भाव आला आहे, तो पाहता एकाच माणसाच्या एका सहीनं सातबाऱ्यावरचं नाव बदललं असतं तर काय झालं असतं, याची कल्पना करा. हीच विभागणी आता ई-फेरफारमध्ये उतरली आहे. दोघांचं लॉगिन वेगळं, दोघांची डिजिटल सही वेगळी. मे २०१८ पासून डिजिटल सहीचा सातबाराही आपल्याला घरबसल्या मिळतो. ही चांगली रचना आहे. पण उद्या एखाद्या कार्यालयात सोयीसाठी दोघांच्या सहीची टोकनं एकाच खणात राहिली आणि पासवर्ड शेजारी चिकटवलेले राहिले, तर कायद्यानं केलेली विभागणी नावापुरती उरेल. संगणक सही तपासेल, सही खरीच असेल, आणि सही कुणी केली हे त्याला कळणार नाही.

मला राग येतो तो इथं. आपल्याकडे एखाद्याचे पैसे गेले की पहिला प्रश्न असतो, ‘तू ओटीपी दिलास का?’ एप्रिल २००५ मध्ये पुण्यात जे प्रकरण गाजलं ते आठवा. इथल्या एम्फॅसिस कंपनीच्या कॉल सेंटरमधल्या काही कर्मचाऱ्यांनी सिटी बँकेच्या अमेरिकन ग्राहकांशी बोलता बोलता त्यांचे पिन मिळवले आणि सुमारे साडेतीन लाख डॉलर पुण्यातल्या खात्यांवर वळवले. त्या ग्राहकांनी पिन सांगितले ही चूक झालीच. पण फोनवर बसलेल्या कर्मचाऱ्याला मिळालेला पिन पैसे हलवायला पुरेसा व्हावा, ही चूक कुणाची? आणि कॉसमॉसमध्ये तर ग्राहकाकडे बोट दाखवायलाही जागा नाही. शिकलेली माणसं, मी ज्यांचा आदर करतो अशी माणसं, वयस्कर बाईला ‘तुम्हाला एवढंही कळत नाही का’ म्हणतात, तेव्हा मला वाईट वाटतं. लाखो लोक कधी ना कधी फसणार हे धरूनच यंत्रणा बांधायला हवी. एक माणूस फसला तर एकाचं आणि थोडंच नुकसान व्हावं, एवढी रचना आम्हा अभियंत्यांना करता आली पाहिजे. ती आमची जबाबदारी आहे.

कायदाही आता बऱ्याच अंशी याच बाजूनं आहे, हे लक्षात ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकांनुसार बँकेच्या चुकीनं तुमच्या खात्यातून अनधिकृत व्यवहार झाला तर तुमची जबाबदारी शून्य आहे. चूक ना बँकेची ना तुमची, तिसऱ्याच कुठं झाली असेल, तर बँकेकडून निरोप आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलंत तरीही शून्य. म्हणून पैसे गेले की लाजत बसू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा, बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. सहकारी बँकांना हे शून्य जबाबदारीचे नियम लागू करणारं परिपत्रक डिसेंबर २०१७ चं आहे. कॉसमॉसनंतर, १९ ऑक्टोबर २०१८ ला, रिझर्व्ह बँकेनं नागरी सहकारी बँकांसाठी सायबर सुरक्षेची किमान चौकट घालून दिली, आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकांच्या डिजिटल सेवांनुसार तिचे चार स्तर केले.

पण आपल्या तालुक्यातल्या पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाहीत. त्या सहकार खात्याखाली येतात. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे, पतसंस्थेतल्या ठेवीला ते नाही. आणि तिथंही आता मोबाइल अॅप आहे, क्यूआर कोड आहे, पिग्मी एजंटच्या हातात यंत्र आहे. व्यवहार डिजिटल झाले, त्या वेगानं आतले अधिकार मोजले गेलेले नाहीत. मी अशी कार्यालयं पाहिली आहेत जिथं अॅडमिनचा एकच पासवर्ड व्यवस्थापकापासून सॉफ्टवेअरवाल्याच्या मदतनिसापर्यंत सगळ्यांना पाठ असतो. त्या माणसांत वाईट कुणीच नसतं. काम अडू नये म्हणून ते झालेलं असतं. पण त्या दिवशी कुणी काय केलं हे नंतर सिद्ध करता येत नाही, आणि मग संशय सगळ्यात गरीब कर्मचाऱ्यावर जातो. त्याच्या संरक्षणासाठी तरी प्रत्येकाचं लॉगिन वेगळं हवं.

कॉसमॉसच्या चोरांनी शनिवार का निवडला, हेही संचालकांनी समजून घ्यावं. फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेतून ८ कोटी १० लाख डॉलर गेले तेही गुरुवारी रात्री. पुढं ढाक्यात शुक्रवार-शनिवारची सुटी, आणि पैसे जिथं पोहोचले त्या मनिलात सोमवारी चिनी नववर्षाची सुटी. सुटीच्या दिवशी यंत्र ‘मंजूर’ म्हणत असताना ते पाहणारा माणूस नसतो. त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. एका तासात नेहमीच्या कितीतरी पट व्यवहार झाले तर व्यवहार आपोआप थांबावेत आणि दोघांच्या फोनवर निरोप जावा, एवढी सोय कुठल्याही चांगल्या सॉफ्टवेअरवाल्याला करून देता येते. तुम्ही मागितलीत तर.

म्हणून माझी विनंती सभागृहातल्या प्रत्येक सभासदाला आहे. सहकारी संस्थांची वार्षिक सर्वसाधारण सभा कायद्यानं ३० सप्टेंबरपर्यंत व्हायला हवी. लाभांशाचा विषय झाला की जेवणाकडे वळू नका. उभे राहा आणि विचारा. संस्थेच्या सॉफ्टवेअरचे पूर्ण अधिकार किती जणांकडे आहेत, आणि ते त्यांनाच का हवेत? मागच्या वर्षी नोकरी सोडून गेलेल्यांचं लॉगिन कोणत्या तारखेला बंद केलं? रक्कम भरणारा आणि ती मंजूर करणारा एकच माणूस असू शकतो का? सर्व्हरवर शेवटचं अपडेट कधी झालं? सुटीच्या दिवशी गडबड झाली तर कुणाला कळतं आणि किती मिनिटांत? चेअरमनना लगेच उत्तर देता आलं नाही तर त्यांना अडचणीत आणू नका, एक महिन्याची मुदत द्या. पण प्रश्न आणि उत्तर दोन्ही इतिवृत्तात लिहून घ्या, आणि पुढच्या सभेत ते पान उघडायला लावा.